पाणदारं

आमच्या गावच्या कालव्याला दोन पाणदारं आहेत,
ती उघडायची नोकरी वीब्रनची. सव्वीस वर्षं.
काठीच्या दोरीला बांधलेला लाकडी बूट तो होड्यांवर सोडतो,
नाववाले त्यात नाणी टाकतात,
जर्मन पाहुणे फोटो काढतात.
तो हसतो. दिवसातून चाळीस वेळा,
एकसारखा.

सगळं फ्रीजलंड म्हणतं, देवमाणूस.
त्याचा चढलेला आवाज कुणी ऐकला नाही.
मीही नाही.
जिभेला हाड नाही ते माझ्या;
लग्नातल्या बारा बश्यांतल्या चार उरल्यात,
बाकीच्यांचा हिशेब मला विचारावा.

मार्चमध्ये मी योरितला आठशे युरो दिले.
माझा भाऊ. त्याच्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स गेला होता.
वीब्रनला कळलं ते बँकेच्या कागदावरून.
त्यानं कागदाची घडी घातली. पुन्हा एक. पुन्हा एक.
तिकिटाएवढा झाला तेव्हा म्हणाला,
"ठीक आहे."

त्या "ठीक आहे"वर आम्ही अकरा दिवस जेवलो.
तो मीठ मागायचा नाही, उठून घ्यायचा.
दार आपटायचा नाही; इतकं हलकेच लावायचा
की कडी बसल्याचं मला जिन्यावरून ऐकू यायचं.
मनात म्हणायचे, ओरड रे बाबा,
फोड एखादी बशी, मी काढून देते.
रात्री तो शांत घोरायचा
आणि धडधड माझ्या कानात.
राग त्याचा, नाडी माझी.

माझा एक नियम आहे, कुणी शिकवलेला नाही:
बटाट्याची साल अखंड निघाली तरच तोंड उघडायचं.
पहिल्या दिवशी नऊ बटाटे. नऊही साली तुटल्या.
दुसऱ्या दिवशी अकरा.
त्या आठवड्यात शेजारच्या घरांनाही आम्ही बटाट्याचं सूप पोचवलं.
बाराव्या दिवशी एक साल टेबलावरून लोंबत लोंबत
फरशीला टेकली.
मी चाकू ठेवला, आणि एप्रनसकट कालव्यावर गेले.

तिथे शिकाऊ पोरगा होता, मेनो, एकोणीस वर्षांचा,
दाराच्या दांड्याला खांदा लावून रेटत होता.
कान लाल. आत तीन होड्या खोळंबलेल्या,
एकीवरचा कुत्रा भुंकून भुंकून बसलेला.
वीब्रन त्याला म्हणाला,
"रेटू नकोस. बैलजोडी लावलीस तरी हलायचं नाही.
खालची झडप उघड. बोटभरच.
पाणी दोन्हीकडे सारखं झालं
की हे दार तुझी धाकटी बहीणसुद्धा ढकलेल."

मग मान वळवली, तर मी उभी.
मी काहीच बोलले नाही
(हे माझ्या आयुष्यात मोजून तीनदा घडलंय).
तोही नाही. झडपेपाशी पाणी बारीक भोवरा घालत होतं,
आम्ही तिघं ते बघत राहिलो.
वेळ लागतो त्याला. कुत्र्यालासुद्धा डुलकी लागली.

संध्याकाळी भांडी पुसताना
पाठमोराच म्हणाला, "मला राग आलाय."
खांदा दुखतोय म्हणावं, तसं.
माझ्या हातात बशी होती.
मी ती दोन्ही हातांनी खाली ठेवली.
"किती?"
त्यानं खरंच विचार केला.
"गळ्यापर्यंत होता. आता कमरेपर्यंत असेल."
"पैशाचा?"
"नाही. तू विचारलं असतंस तर मी हो म्हणालो असतो,
त्याचा."

मग मी बोलले. पुष्कळ बोलले. माफीही मागितली,
पण ती मध्येच कुठंतरी, आणि जरा घुश्शातच.
त्याचाही आवाज चढला,
कोठीत वर्षानुवर्षं पडलेल्या छत्रीसारखा
करकरत, एक काडी मोडकी.
उरलेल्या चारही बश्या शाबूत आहेत.

योरितनं पैसे अजून दिलेले नाहीत.
काल पुन्हा काहीतरी झालं, सांगण्याजोगं नाही,
पडद्यांवरून. घरात तीच जुनी शांतता.
मी जेवता जेवता विचारलं, "किती?"
"घोट्यापर्यंत," तो म्हणाला,
आणि मीठ मागितलं.